लंडनातली येळवस

पहिलं नाव लिवा हुसेनचाचांचं. बाकीचं मग सांगतो. हुसेनचाचा, नळदुर्गचे, वेशीजवळ त्यांच्या वडलांचं किराणा दुकान व्हतं. तुमी म्हणताय सुरुवातीपासून सांगा, तर माझी सुरुवात जळकोटात झाली, पण ह्या परमुलखातली सुरुवात त्यांच्यापासनंच, ते नसते तर माझं काय झालं असतं कुणास ठाऊक. मी पहिल्यापासनं भित्रा माणूस. अजूनबी बसमध्ये कंडक्टरनं माझ्याकडं बघितलं की वाटतं ह्यो मला उतरवतोय.

तर मी सिद्राम. जळकोट आमचं तुळजापूर तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद सडकेवर. घरात आई कानडी बोलायची, गल्लीत मराठी, अन् शाळेत उर्दू, कारण तवा निजामाचं राज व्हतं. तिसरीपर्यंत मी उर्दूत शिकलो, चांगला व्हतो बरं का, मौलवीसाब पाटी वर धरून सगळ्यांना माझं अक्षर दाखवायचे. मग पोलीस ॲक्शन झाली, राज गेलं, नवे मास्तर आले अन् म्हणाले आता मराठी अक्षरं, पुन्हा पहिलीपासून गिरवा. तोंडानं मराठी फाडफाड बोलायचो पण पाटीवर काढता येईना. मला धाकट्या भावाच्या शेजारी बसवलं, पोरं हसायला लागली, दादाला ग येत न्हाय म्हणून, अन् म्या दप्तर ठेवलं ते ठेवलंच. अप्पा, माझे वडील, म्हणाले, बरं झालं, रानात एक माणूस वाढला.

रानात काय मन रमलं न्हाय. सोलापूरच्या गिरणीत गेलो, तिथनं मुंबईला, अन् मुंबईत एकानं जहाजाच्या भटारखान्यात भांडी घासायला लावलं. आमी लिंगायत माणसं, आमच्या घरात अंडं फुटलेलं मला ठाऊक न्हाय, अन् तिथं पातेल्याच्या बुडाला काय काय चिकटलेलं असायचं ते कशाला सांगू. घासायचो अन् शिवशिव करायचो. लंडनच्या धक्क्यावर जहाज लागलं तवा मला छातीत कफ भरून ताप चढला, मला दवाखान्यात ठेवलं, अन् मी बरा होऊन बाहेर आलो तवर जहाज निघून गेलेलं. अंगावर दुसऱ्याचा कोट, खाली माझीच चप्पल, अन् बर्फ. बोलायला यस अन् नो. कुणी काय इचारलं की मी यस म्हणायचो, कारण नो म्हटलं तर रागावतील.

असा चालत चालत एका बोळात आलो, तर एका दुकानाच्या काचंला आतनं पुठ्ठा लावलेला, अन् त्याच्यावर उर्दूत लिवलेलं. आता काय सांगू तुमाला, सगळ्या शहरात जे वाचता येईना ते वाचून वाचून डोळे दुखले व्हते, अन् ही अक्षरं आपसूक वाचता आली. हल्दी. मिर्ची. तूर की दाल. इमली. इमलीला आलो अन् तोंडाला पाणी सुटलं का डोळ्याला, मला सांगता येणार न्हाय. मी मोठ्यानं वाचत व्हतो ते कळलंच न्हाय मला. आतनं एका म्हाताऱ्यानं इचारलं, कहां के जी तुम? म्या म्हटलं, जळकोट के. ते हातातला तराजू तसाच धरून उभे राहिले, अन् मग मराठीत म्हणाले,

“जळकोटचं? कुणाचा रं तू?”

तवापासनं मी त्यांच्या दुकानात. मागल्या खोलीत झोपायचो, पोती उचलायचो, मसाला कुटायचो. सरकारी माणसाकडं ते माझ्याबरोबर आले, हा माझ्या गावाकडचा पोरगा, ह्याची जबाबदारी माझी म्हणाले. रक्ताचं नातं न्हाय, जात न्हाय, धरम न्हाय. फकस्त बोलणं एक. त्यांना म्या कधी इचारलं न्हाय ते नळदुर्ग सोडून का आले, त्यांनीबी सांगितलं न्हाय. ॲक्शनच्या साली त्यांचं दुकान अन् घर दोन्ही गेलं, एवढंच एकदा बोलता बोलता निघालं, त्याच्या पुढं ते कधी गेले न्हाईत अन् म्याबी नेलं न्हाय.

दुकानाची मागली खोली म्हणजे काय, ती खोली न्हवतीच, चावडी व्हती. रविवारी सगळी आपल्याकडची माणसं येऊन बसायची. बस चालवणारा करतारसिंग यायचा, जहाजावरचे बंगाली खलाशी यायचे, शिकायला आलेली गुजराती पोरं यायची. कुणी पेटी वाजवायचा, कुणी नुसताच भिंतीला टेकून झोपायचा. चाचा गॅसच्या एका चुलीवर डाळ चढवायचे अन् जो येईल त्याला वाढायचे. वरच्या मजल्यावर घरमालकीण राहायची, एकटी म्हातारी बाई. तिचा एक पिवळा पक्षी व्हता पिंजऱ्यात, त्याच्याशी ती दिवसभर बोलायची, आमाला खाली ऐकू यायचं. आमी जिरं तडतडवलं की ती वरनं काठीनं जमिनीच्या फळ्या ठोकायची. चाचा वर बघून म्हणायचे, हौ बाई हौ, झालं झालं. पण जागा तिची, ती निघ म्हणाली तर चाचांना दुसरीकडं कोण देणार, त्या दिवसांत आपल्या लोकांना जागा न्हाय असं दारावर लिवलेलं असायचं. म्हणून चाचा मला रोज बजावायचे, सिद्राम, बाईला राग येईल असं काय करू नको, ही जागा गेली तर मला बसायला जमीन न्हाय.

एका रविवारी माणसं गेल्यावर मी चिंच फोडत बसलो व्हतो, तर चाचा म्हणाले, एकदा जाऊन यावं वाटतं रं. बोरी नदी बघावी, किल्ला बघावा. मग म्हणाले,

“पण गेलो तर उतरू कुणाकडं?”

 आमच्या घरी उतरा, हे माझ्या जिभेवर आलं व्हतं, पण आमच्या घरचं मला ठाऊक. आई माझी गरीब माणूस, कुणाला वाईट बोलणार न्हाय, पण परक्या माणसाला ओसरीच्या आत येऊ देणार न्हाय, पाण्याचा तांब्या निराळा ठेवणारी. मी मान खाली घालून चिंचोके वेचत राहिलो. चाचा हसले अन् म्हणाले, चल, गिऱ्हाईक आलंय बघ. गिऱ्हाईक कुणी आलं न्हवतं.

माझ्या मनाला ते लागून राहिलं. उतरायचं म्या बोललो न्हाय, म्हणून येळवशीचं बोललो. तुमी पुण्याकडचे, तुमाला येळवस ठाऊक नसंल. मार्गशीर्षातली अवस, आमच्याकडं त्या दिवशी गावात माणूस सापडत न्हाय, सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे झोपडी, करायची, पाच दगडांना चुना लावून पाच पांडव म्हणून पुजायचे, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबिल, हिरव्या दाण्यांची भज्जी, पिठाचे उकडलेले उंडे, अन् सडकेनं जाणारा जो कोण आसंल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. त्या दिवशी कुणी इचारत न्हाय तू कुणाचा. चाचा म्हणाले, अरे मी जळकोटच्या मळ्यातनी किती येळवशी आंबिल पिलोय, कुणाचा मळा ते त्यांनी सांगितलं न्हाय अन् म्या इचारलं न्हाय. डोळे असे चमकले त्यांचे. म्हणाले, करू. ह्या वर्षी करू.

आता लंडनात ज्वारी कुठनं आणायची? चाचा म्हणाले, गोऱ्या बाया सुपात जव घालतात, ते दळू. आंबिल जवाच्या पिठाची केली, ताक घरीच लावलं. भज्जीला वटाणे डब्यातले. वाल न्हवते, हरभऱ्याची डाळ भिजवून घातली. कडब्याची कोप म्हणून चाचांनी खोलीत दोरीवर चादर टाकली, अन् अंगणातले पाच दगड धुऊन, चुना न्हवता म्हणून पीठ लावून मांडले. मी पुजले, चाचा मागं टोपी घालून उभे. माणसं लई आली. करतारसिंगानं आंबिलीचा घोट घेतला अन् म्हणाला, यार, तुम्हारी लस्सी को बुखार है क्या? सगळी खोली हसली. पण त्यानं तीनदा मागून पिली.

चाचा म्हणाले, सडकेवरचा माणूस बोलवायचा राहिला. अन् जिना चढून त्या म्हातारीला बोलवायला गेले. आमी सगळे जिन्याकडं बघत. ती आली, लोकरीची शाल घेऊन, अन् चादरीच्या त्या कोपीत खुर्चीवर बसली. भज्जी खाल्ली. म्हणाली, इतकी वरसं वास येतो, चव आज कळली. चाचांचं तोंड तवा तुमी बघायला पायजे व्हतं.

मग दुधाचं. आमच्याकडं त्या दिवशी बोळक्यात दूध तापवून मुद्दाम उतू घालतात, ज्या अंगाला उतू जाईल त्या अंगाला पीक चांगलं म्हणतात. म्या गॅसवर बोळकं ठेवलं, सगळे वाकून बघायला लागले. चाचा म्हणाले, जाऊ दे, उतू जाऊ दे, आवर घालू नको. दूध फुगलं, अन् गेलं ते उगवतीच्या अंगाला गेलं. आमच्या मुलखाच्या अंगाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बंगाली खलाशांनी तर आरोळीच ठोकली. चूल विझली. अन् आमी सगळे, म्हातारीसुदा, पुढं दुकानात पंगतीला बसलो.

आता तुमीच सांगा. आमच्याकडं दूध उतू जातं तवा चूल विझते, अन् विझलेल्या चुलीला बंद करायचं काय असतं? राखेवर दूध पडतं, खमंग वास येतो, झालं. म्या जन्मभर तेच बघितलं, चाचांनीबी तेच. तिथं जाळ विझला पण गॅस चालूच राहिला. पुढं लसणाची फोडणी घातलेली, तिच्या वासात कुणाला काय कळणार. तवाचा गॅस हलका अन् इखारी, तो वर चढला, जिन्यानं, फळ्यांच्या फटीतनं.

जेवून म्हातारी वर गेली अन् लगेच खाली आली. रडत न्हवती, ओरडत न्हवती. दोन्ही हातांच्या ओंजळीत तो पिवळा पक्षी. म्हणाली, हा उठत नाही. अन् मग वास आम्हा सगळ्यांनाच आला, करतारसिंगानं पळत जाऊन गॅस बंद केला, दारं उघडली.

गॅसवाला साहेब आला, त्यानं इचारलं चुलीवर कोण व्हतं. माझ्या तोंडातनं सवयीनं यस निघणार तेवढ्यात चाचा पुढं झाले, मी व्हतो म्हणाले, पोरगा पुढं वाढत व्हता. मी म्हणालो न्हाय चाचा, तर मराठीत मला म्हणाले, गप. तुझी कागदं अजून कच्ची हैत. मी तर म्हातारा झालोय.

म्हातारीनं भांडण केलं न्हाय, खरं सांगतो. तिनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, मला तुमचा राग न्हाय, पण खालनं फोडणीचा वास आला की मला त्याचं गाणं बंद झाल्याचं आठवतं, तुमी जागा सोडा.  माझ्या मनात एकच फिरत व्हतं, चाचांनी तिला जेवायला बोलावलं नसतं तर त्या वेळेला तीबी वरच असती. पण ते बोलून दाखवायचं न्हवतं, अन् चाचांनी बोलू दिलंबी नसतं.

दुकान उठलं. पुठ्ठा काचेवरनं काढताना चाचांनी तो माझ्याकडं दिला, म्हणाले, तुला वाचता येतो, तू ठेव. ते उत्तरेकडं लोकरीच्या गिरणीत गेले, त्या वयात, रात्रपाळीला. रविवारची माणसं पांगली. करतारसिंग रस्त्यात भेटतो, आता कुठं बसायचं यार, म्हणतो. आता आपल्या लोकांची दुकानं लई झालीत, मोठाली, पाट्या दिव्यांच्या, सगळं मिळतं, ज्वारीसुदा. पण तिथं वस्तू घ्यायची अन् निघायचं. बस म्हणणारं कुणी न्हाय.

मी आता दवाखान्याच्या सैपाकघरात आहे, कागदं पक्की झाली, पोटाला कमी न्हाय. गॅसची चूल बंद केली का न्हाय ते मी उठून उठून बघतो, बायको हसते. मागल्या उन्हाळ्यात चाचांना भेटून आलो. मला दारात बघून म्हणाले, कुणाचा रं तू, अन् हसले. निघताना, आमच्या घरी उतरा, हे माझ्या तोंडातनं पुन्हा निघालं न्हाय, आगगाडीत बसल्यावर निघालं, एकट्यापाशी.

म्हणून आता तुमच्यापुढं बोलतो, अन् तुमी लिवा, म्हणजे मला मागं घेता येणार न्हाय. आई आता म्हातारी झाली, तिला मी समजावीन, न्हाय समजली तरी मीबी त्याच घरचा हाय. चाचा, येत्या येळवशीला न्हाय तर त्याच्या पुढल्या, मी तुमाला जळकोटला नेणार. मळ्यात तर बसवीनच, ते तर कुणीबी बसवतं. पण संध्याकाळी रानातनं परत येताना तुमी आमच्या घरी उतरायचं, ओसरीच्या आत, माझ्या तांब्यानं पाणी प्यायचं. कुणी इचारलं कुणाकडं आलात, तर माझं नाव सांगायचं.