गाडी सापासारखी चालते

हॅलो?… हां, कोण?… रूपा? बोल गं पोरी. कमळाकरमामाच बोलतोय, माझा फोन दुसरा कोण उचलणार… नाय नाय, स्टँडावरच हाय. पनवेलच्या एसटी स्टँडासमोर रिक्षा लावून बसलोय. पुढं लांब लाईन हाय. माझा नंबर येईपर्यंत तू रामायण सांग… रडतेस काय?… मंग नाक कशाला ओढतेस?… सर्दी. बरं, सर्दी तर सर्दी.

पडलीस? कुठं?… अगं मोटारसायकलचं मागनं सांग, तुला लागलं का ते आधी… गुडघा. नुसता गुडघा ना?… हळद लाव… हो, हो, तू रोज लोकांच्या हातात सुया टोचतेस आन मी तुला हळद सांगतोय. ऱ्हायलं. पडलीस कशी ते बोल.

वळताना… तिथं गावात, मारुतीच्या देवळापुढं… किती जोरात होतीस?… चालत्या माणसाएवढी? मंग पडलीस कशी गं? तेवढ्या वेगानं तर वरात चालते… सापासारखी? सापासारखी म्हंजे?… हां… डावीकडं जाते, सावरली की उजवीकडं, तिकडनं सावरली की परत डावीकडं… हां हां. आमच्या स्टँडावरचा गणू अशी चालवायचा, पण ती अंधार पडल्यावर. तू तर चहा बी अर्धा सोडतेस.

आन हे सासऱ्यानं बघितलं… पारावर बसले होते… एकटे?… सगळा पार भरलेला. वा.

चावी काढून घेतली?… खिशात घातली. आन उद्यापासनं गाडी बंद… काय बोलले? परत बोल… "बायामाणसाच्या हाताला गाडी सरळ ऱ्हात नाय." कृष्णकांतशेठ बोलले असं?… मंग परेश काय बोलला? नवरा हाय ना तो तुझा?… "बाबांना विचार." शाब्बास. उरणला यार्डात एवढाले कंटेनर हलवतो, बापापुढं जीभ हलत नाय त्याची.

अगं ऐक ना. ऐक. लॅब सोडायचं नाव काढू नको… हो, मला काय सांगतेस, पहाटेचं नेऱ्यावरनं पनवेलला यायला रिक्षा मिळत नाय. मी रिक्षावाला, मीच येत नाय… घरोघरी जाऊन रक्त काढायचं म्हंजे गाडी पायजेच. पटलं मला. गाडी गेली तर नोकरी गेली, कळलं. रडू नको… सर्दी, हो.

आला माझा नंबर. या ताई, बसा. खांदा कॉलनी? बसा मागं, निघतोच… तुला नाय गं, पॅसेंजर आलंय. तू बोल.

आता मला खरं सांग. हँडल घट्ट आवळून धरतेस काय? घाबरलं की माणूस… अगं मी कुठं बोललो बायामाणूस म्हणून? माणूस बोललो… बरं, मनात असंल थोडं. चुकलं. परेशनं चालवली तर?… त्याच्याखाली बी डोलते? आन हे तो बापाला बोलला नाय… शाब्बास, दुसऱ्यांदा.

म्हंजे हाताचा दोष नाय. गाडीचा हाय. चाकात हवा?… पंपावर बघितलीस, बरोबर हाय. टायरला कुठं टेंगूळ?… नाय. मागं वजन काय बांधतेस? मागं जास्त वजन झालं की पुढनं गाडी हलकी पडते… नुसता बाटल्यांचा डबा. मला वाटलं, सासू लॅबवाल्यांना तांदळाचं पोतं पाठवते… हसलीस ना? बरं झालं.

पुढचा ब्रेक मारल्यावर हँडलच्या मुळात खटखट वाजतं काय?… अजिबात नाय? मंग सैल नाय. सैल असती तर वाजली असती… कवापासनं डोलते?… दसऱ्यापासनं. म्हंजे दसऱ्याला गाडी धुतली, हळदकुंकू लावलं, हार घातला. कोणी केलं?… सासऱ्यानं. वा, हौशी माणूस. आन?… आन बोलले, "हँडल जरा हलतंय"…

हं.

नाय, काय नाय. असंच हं बोललो. गाडी कुठं हाय आता?… अंगणात. हँडल लॉक केलंय?… नाय, बरं. शेठ कुठं हायत?… शेतावर. मंग असं कर, गाडी मधल्या स्टँडवर घे. आता पुढचं चाक वर उचलायला पायजे, म्हंजे मागं कोणीतरी दाबून बसायला पायजे. घरात वजनदार कोण हाय?… हे बघ, मी नाव घेतलं नाय, तू घेतलंस. विहीणबाईंना मागं बसव… वालाच्या शेंगा सोलतायत? मंग टोपलीसकट बसव. सोलत ऱ्हातील… बसल्या? पुढचं चाक सुटलं जमिनीवरनं?… वा. सखूबाई म्हंजे सखूबाईच.

ओ ताई, दोनच मिनिटं. भाचीची गाडी बिघडलीय… नाय, नवऱ्याशी नाय, गाडीच बिघडलीय.

हां रूपा. आता एका बोटानं हँडल डावीकडं ढकल. आपणहून पडायला पायजे तिकडं, झोपाळलेल्या माणसाच्या मानेसारखं… नाय पडत? तिथंच ऱ्हातं? जोर लावला तर?… कुरकुरत जातं. कळलं. अगं गाडी सरळ चालते ती हँडल बारीक बारीक हलतं म्हणून. आपणच आपल्याला सावरते ती. इथं कोणीतरी तिची मान धरून ठेवलीय. मंग ती सावरणार कशी? आडवीच जाणार.

हँडलच्या मधोमध मोठा नट हाय, चकचकीत. दिसला?… ओरखडे? कसले?… दात लागल्यासारखे. चारी बाजूंनी. अगं ते गॅरेजवाल्याचं काम नाय. तो पाइपपान्हा हाय. बोअरिंगचा पंप काढायला वापरतात तो. हातभर लांब. तुमच्या घरात पाइपपान्हा कोणाकडं…

हं. मी परत हं बोललो.

रोज सकाळी? तू आंघोळीला गेलीस की?… सासूबाई सांगतायत? मागं बसल्या बसल्या? शेंगा सोलत?… म्हंजे गाडी डोलली की सकाळी ते नट आवळणार, आवळला की गाडी अजून डोलणार, की परत आवळणार. हलतंय ते आवळायचं. कृष्णकांतशेठनी उभ्या जन्मात हेच केलं. पंप हलला, आवळ. ट्रॅक्टर हलला, आवळ. पोरगा हलला, त्याला बी आवळला.

मी? मी नाय सांगणार… नाय म्हंजे नाय. अगं मी तुझा मामा. तुला हाताला धरून बोहल्यावर आणली ती मी. मुलीकडच्यांनी व्याह्याला "तुमचं चुकलं" असं बोलायचं नसतं… कुठं लिहिलंय म्हंजे? असलं लिहायला लागतं काय? तुझ्या आजोबांनी एकदा व्याह्याचा बैल लंगडा हाय बोलून दाखवलं. बैल लंगडाच होता, सगळं गाव बघत होतं. तरी तुझ्या मावशीला दोन दिवाळ्या माहेरी पाठवली नाय… आता जमाना बदललाय ते मला ठाव हाय. शेठना ठाव हाय काय?

कोण आलं?… शेतावरनं? आता?… "म्हातारी गाडीवर कशाला बसलीय" विचारतायत? मंग काय चुकीचं विचारतायत… नको. फोन नको देऊ. रूपा, मी सांगतो फोन नको… हॅलो? रूपा?

राम राम, कृष्णकांतशेठ. कमळाकर बोलतोय. बरं हाय ना सगळं?… हो, हो, विहीणबाई… नाय, मीच बसवलं त्यांना. नाय नाय, मस्करी नाय हो. मी तुमची मस्करी करीन काय?… चावी घेतलीत ते बरोबरच केलंत. पोर पडली, घरच्या मोठ्यानं बघायचं नाय तर कोणी बघायचं… शंभर टक्के. तुमच्या जागी मी असतो तर चाकाची हवा बी सोडली असती.

काय हाय शेठ, एक विचारायचं होतं. तुमाला यंत्रातलं कळतं म्हणून विचारतो. हे आपल्या रस्त्याला एवढे खड्डे. हादरे बसून बसून, हँडलचा नट आपोआप आवळला जात असंल काय?… सैल होतो म्हणता. हां, एरवी सैलच होतो. पण आमच्या रिक्षांचं बघतो ना मी, नेऱ्याच्या रस्त्याला उलटंच होतं. तिकडचा खड्डाच वेगळा… ताई, तुमी हसू नका, मला इथं ऐकू येत नाय… पॅसेंजर हाय शेठ, तिच्या घरचं काय चाललंय.

तर मी बोललो रूपाला, हे माझ्याच्यानं व्हायचं नाय. शेठच्या हाताचं काम हाय… आता? आता कराल? तुमी आताच आलात दमून… पाइपपान्हा हाय तुमच्याकडं? अरे वा, मला काय ठाव.

हां. नट मागं फिरवा… थोडाच… कसं सांगू, बैलाची वेसण असते ना, तेवढं. वळता आलं पायजे, सुटता नये… बरोबर. तुमाला काय सांगायचं. आता विहीणबाईंना बसू दे तशाच, आन बोटानं ढकला… पडलं? आपणहून पडलं? वा. चालवून बघता? बघा.

हां रूपा, बोल. गेले?… कुठपर्यंत?… देवळापुढनं गेले. सरळ?… मुद्दाम पारापुढनं दोनदा? करू दे. लोकांनी पडताना बघितलं, आता सरळ जाताना बी बघू दे… एक हात सोडून? त्यांना सांग, उतरा आता… आले. चावी? चावीचं बघ… हातात धरलीय? देत नायत? फोन दे त्यांना. दे.

हां शेठ. तुमी तर कमाल केलीत… हं… हं… रात्री झोप नाय लागत?… ती पहाटे गाडी काढते तवापासनं… हं. रस्त्यावर डंपर असतात, खरं हाय… पोटच्या पोरीसारखी… म्हणून तुमी रोज सकाळी…

हॅलो? शेठ, आवाज तुटला मधीच. पहाटे गाडी काढते इथपर्यंत आलं, पुढचं काय ऐकूच नाय आलं… नाय, परत नका सांगू. राहू दे. रेंजच नाय इकडं.

शेठ, ऐका. तिला बी भीती वाटते. वाटत असूनच जाते ती… हो. तुमी नट बघितलात ना, आता काळजी काय… दिली? हातात दिली? मला आवाज आला चावीचा. हा बरा आला… पण एकदा गॅरेजला दाखवून घ्या हो, उगाच आपलं… कशाला म्हणता? हां, ते बी खरं. तुमी असताना गॅरेज कशाला.

माझी? माझी रिक्षा कशी चालते?… चांगली चालते… नाय, डोलत नाय… थोडी हलते, पण रिक्षा हाय, हलणारच ना… रविवारी? मटणाला? येतो की, तुमी बोलावलं आन मी नाय म्हणीन?… एसटीनं येतो ना, बरं पडतं… रिक्षाच आणू? हँडल बघणार?… नाय, म्हंजे तुमाला कशाला त्रास… नाय हो, मी कुठं बोललो तुमाला जमणार नाय? असं मी बोलीन काय? मी मुलीकडचा.

हां… हां… आणतो. रिक्षाच घेऊन येतो… सकाळीच? म्हंजे जेवणाआधी उरकेल. हो… ठेवतो शेठ. राम राम.

ताई, चला, निघालो. आन रविवारनंतर कुठं जायचं असलं, तर दुसरी रिक्षा बघा.