बाबांच्या गाडीचं स्टिअरिंग

हॅलो?… हॅलो, हं, मीच… थांब जरा, हात तेलाने बरबटलेत, फोन निसटतोय… हं. खांद्याला दाबून धरलाय. बोल.

नाही. नाही निघालं… अगं, नाही निघालं म्हणजे नाही निघालं! हॉर्नचं बटण निघालं, खालचा नट निघाला, पण स्टिअरिंग दांड्यावरून हलायला तयार नाही. चाळीस वर्षं एका जागी बसलंय. आतल्या दात्यांत नुसता गंज धरलाय.

हो, टाकलं रॉकेल. सकाळी बाबा आंघोळीला गेले तेव्हा एकदा, पेपर वाचत बसले तेव्हा एकदा… कुठे असणार? झोपलेत. जेवले की तासभर पडतात ना, म्हणून तर आत्ता करतेय. हातोडीला फडकं गुंडाळलंय, आवाज नको म्हणून. आपल्याच घरात चोरी करतेय.

कोण, कोपऱ्यावरचा गॅरेजवाला? गेले होते ना. त्याने हा पुलर दिला, स्टिअरिंग ओढून काढायचा. म्हणाला, ताई, हत्यार न्या, पण मला बोलावू नका. बाबांच्याच हाताखाली शिकलाय तो. ज्यांनी पाना धरायला शिकवलं त्यांच्या गाडीला मी हे करू, म्हणाला. मग काय, उरले कोण? मी. मला कुठे कुणी पाना धरायला शिकवलं होतं…

हो, हो… अगं ऐक ना. किल्ली लपवून काय झालं? दोन वायरी जोडून गाडी चालू केली त्यांनी. बॅटरी काढली तर शेजाऱ्यांची मागून आणली. शेजारी म्हणतात, काका इतक्या प्रेमाने मागतात, नाही कसं म्हणायचं? हवा सोडली तर पंप शोधून भरली, आणि वर मलाच सांगतात, हल्ली वात्रट कार्टी चाकांची हवा सोडतात, लक्ष ठेव… हस. मीही हसले होते. परवापर्यंत.

नाही, काल मी तुला सगळं सांगितलं नव्हतं. गाडी फुटपाथवर चढली एवढंच बोलले… बसलीयेस ना? मी मागोमाग धावत पोचले तर शाळा सुटली होती. पोरं गेटातून बाहेर येत होती. एका पोरीचं दप्तर चाकाखाली गेलं… दप्तर. पोरगी हातभर लांब होती गं. हातभर… नाही, तिला खरचटलंसुद्धा नाही. तिची आई तिथेच रस्त्यात खाली बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

बाबा? बाबा उतरले, दप्तर ओढून काढलं, झटकलं, पोरीच्या हातात दिलं आणि गेटवरच्या माणसाला विचारलं, आमची धाकटी अजून कशी नाही आली बाहेर?

हं… तू. तुलाच शाळेतून आणायला जातात ना रोज. साडेचारच्या ठोक्याला. तुला चाळिशीचा चष्मा लागलाय हे त्यांच्या गावीही नाही. मला आणायला नाही जात कधी. मी तेव्हाही चालतच यायचे… जाऊ दे. आत्ता तो विषय नाही.

विकून कशी टाकू? तो जुन्या गाड्यांचा शौकीन बघायला आला होता, तेव्हा बाबा दोन दिवस जेवले नव्हते, विसरलीस? तूच म्हणालीस, गाडी असू दे, त्यात बसू देत, पुसू देत, फक्त स्टिअरिंग काढून माझ्याकडे पाठव. कल्पना तुझी आणि हाताला फोड माझ्या. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं…

बरं, बरं. रागावू नकोस. चुकीचं नाही गं तुझं. उद्या दप्तराच्या जागी पोरगी असेल… मला कळतंय. कळतंय म्हणूनच बसलेय ना इथे.

थांब, पुलर अजून एक फेरी आवळून बघते… हं… अजून थोडा… आई गं!… सटकला… नाही, नाही, बोटं सोलली नुसती. थोडं रक्त आलंय. असू दे.

थांब. चपला वाजल्या… उठले वाटतं. फोन ठेवू नकोस.

बाबा?… काही नाही, आपलं स्टिअरिंग… कडक झालंय ना, दुरुस्तीला द्यावं म्हटलं… हो, मीच काढतेय… धाकटीचा फोन आहे.

अगं, बोटं बघतायत माझी… रुमाल काढला… बांधतायत. ओरडले नाहीत. ओरडायला हवे होते…

आता पुलरकडे बघतायत. ही काय अवदसा लावलीस म्हणतात, दांड्याचं तोंड चेपेल… हो बाबा, काढते… काढला, बघा.

आत बसले. स्वतःच्या जागेवर. नट परत चढवायला लावलाय मला, दोन फेऱ्या. का? तर नट नसला की स्टिअरिंग एकदम सुटतं आणि दात पाडतं. तोच काढून बसले होते मी… शिकवतायत गं मला. सकाळी माझं नाव आठवत नव्हतं त्यांना. मला हाक मारायची होती आणि नुसते दाराकडे बघत बसले होते. आणि हे सगळं कसं तोंडपाठ… हो बाबा, आणते. किटलीभर उकळतं पाणी हवंय त्यांना. लाईनवर राहा…

हं, आले. मधोमध ओततायत, बारीक धार धरून. हात जरासुद्धा हलत नाही. आता खालून गुडघे लावलेत, दोन्ही हातांनी ओढतायत आणि मला म्हणतात, मार नटावर. फडकं काढ म्हणतात. टुकटुक नको, एकदाच मार. घाबरतेस काय, गाडी आपलीच आहे…

मारते.

…

निघालं.

अगं, निघालं! एका टोल्यात. मी तिथे तासभर मरत होते आणि… हसतायत. म्हणतात, हात चांगला आहे तुझा, गॅरेजात यायला हवं होतंस. पन्नास वर्षांत पहिल्यांदा म्हणाले असं काही मला. आज. हे करताना. गुरूची विद्या गुरूला म्हणतात ती ही…

सुटलो कसले? तुला सुटल्यासारखं वाटतंय? मला तोंड लपवावंसं वाटतंय.

काय बाबा?… चार वाजून दहा मिनिटं झाली… हो, शाळा साडेचारलाच सुटते.

अगं, वेळ विचारतायत. स्टिअरिंग मांडीवर घेऊन बसलेत. आता गाडी कशी नेऊ म्हणतात, पोरगी गेटवर थांबेल… येईल ना ती बाबा, चालत येईल… एकटी कशी येईल म्हणतात, केवढा रस्ता आहे. सारखे घड्याळाकडे बघतायत. स्टिअरिंग मांडीवरच फिरवतायत, गाडी चालवल्यासारखं. आत्ता तर हेच हात…

ऐक. तूच बोल त्यांच्याशी. स्पीकरवर टाकते. एवढंच म्हण, बाबा, आज मी मैत्रिणींबरोबर चालत येते, तुम्ही येऊ नका. बस. पुढे-मागे एक शब्द नको… आधी नाक पूस. रडलीस तर घाबरतील. पूस… टाकू?

बाबा, घ्या. धाकटी आहे. बोला…

…

…

काय बोललीस तू हे?

नाही, बंद केला स्पीकर. काय बोललीस तू? मी थांबते बाबा, तुम्ही या? या?… अगं, या?

एक वाक्य सांगितलं होतं तुला. एकच… हो, ऐकलं मी. बाळा म्हणाले ते मीही ऐकलं. भूक लागली असेल ना तुला, म्हणाले तेही ऐकलं… रडू नकोस. नाही ओरडत. मला कधी कुणी असं विचारलं असतं ना, तर मीही हेच म्हणाले असते, जा.

पण आता मी काय करू ते सांग. चेहरा बघायला हवा होतास त्यांचा. दहा वर्षांनी लहान झालेत. स्टिअरिंग दांड्यावर परत बसवलं, एका नजरेत, अगदी सरळ… आता नट शोधतायत. सीटखाली हात घालून चाचपतायत.

कुठे म्हणजे? माझ्या मुठीत आहे. स्टिअरिंग उचललं तेव्हाच घेतला मी… नाही गं, नटाशिवाय गाडी नाही काढणार ते. बाकी सगळं विसरले तरी हे नाही विसरणार… मग हिसकावून घेऊ का त्यांच्या हातातून? तू येतेस हिसकवायला?

विचारतायत मला. नट पाहिलास का म्हणतात… काय सांगू? या म्हणालीस ना तू, आता तूच सांग… अगं, बोल ना. माझ्याकडे बघतायत ते… हॅलो?… हॅलो?

…

नाही बाबा. मी नाही पाहिला.