शेवटच्या ओळीतली मोकळी घरं

सरांच्या घरच्या महादेवी अक्का, मुख्याध्यापक सर, हळ्ळीखेडहून आलेली मंडळी, आणि सरांच्या हाताखाली शिकलेल्या लेकरांनो,

इतकी माणसं जमलीत की बाहेर चपला ठेवायला जागा न्हाई. मी रोज वर्गात तासन्‌तास बोलते, पण आज तोंडाला कोरड पडलीय. शिवशरणप्पा सर असते तर म्हणाले असते, "सुनंदाबाई, पाणी प्या अन् सुरू करा. पोरं ताटकळायलीत."

सुरू करते.

आपल्या प्रयोगशाळेची भिंत तुम्ही सगळ्यांनी बघितलीय. तिथली आवर्त सारणी सरांनी पेंटरकडून रंगवून घेतली, तेव्हा शेवटच्या ओळीत चार घरं मोकळी ठेवली. पेंटर वैतागला. "कामून सोडायलाव सर? लोक म्हणतील मीच विसरलो." सर म्हणाले, "जागा ठरलेली हाय, नाव ठरायचंय. राहू द्या तशीच."

पोरांना ते सांगायचे, नवं मूलद्रव्य कुठं बसवायचं ह्यावर भांडण न्हाई. अणूच्या गाभ्यात प्रोटॉन किती, तेवढं कळलं की घर ठरलं. मग उभ्या रांगेत वर बघायचं. ती सगळी त्याची भावकी. स्वभावही साधारण तसाच असणार. साधारण, हं! पोरं घोकायला लागली की सर मुद्दाम अडवायचे. "शेवटचं, एकशेअठरावं, निष्क्रिय वायूंच्या रांगेत बसतंय. पण ते वायूच असंल, गप्पच बसंल, असं न्हाई. अजून कुणी त्याला नीट बघितलंच न्हाई, तर नुसत्या भावकीवरून कशाला ठरवायलाव?"

कामून बघितलं न्हाई? कारण ते तयार होतं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत मोडतं.

ह्या चार घरांची नावं जाहीर झाली, त्याच हिवाळ्यात माझी पहिली मुलगी गेली. बारशाच्या आधीच गेली. दवाखान्यात तिच्या हाताला पट्टी होती, 'सुनंदाचं बाळ'. तेवढंच तिचं नाव. सगळे म्हणायचे, विसर आता. आमच्या आत्याबाई, म्हंजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "बारसं न्हाई झालं, नाव न्हाई. असलं लेकरू मोजत न्हाईत, बाई." त्या वाईट न्हाईत. त्यांनाही असंच शिकवलेलं. पण मला राग आला होता. अजून आठवलं की येतो.

सर मैलूरला आमच्या घरी भेटायला आले. चहा घेतला. मग म्हणाले, "बाई, लेकीचं नाव काय ठेवणार होता?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, कावेरी.

आत्याबाई आतून म्हणाल्या, "आता नाव कशाला, सर?"

सर आत्याबाईंना म्हणाले, "अक्का, आज भिंतीवर चार नावं लिहून आलोय मी. इतकी वर्षं तात्पुरत्या नावावर भागवलं होतं. त्यातलं एक तर सेकंदाचा हजारावा भागसुद्धा जगत न्हाई. पण ते आलं होतं, हे साऱ्या जगानं मानलं. घर दिलं, नाव दिलं. मग ह्या पोरीनं काय घोडं मारलंय?"

मी पोटभर रडले.

तेव्हापासून लेकरं किती म्हणून कुणी विचारलं, तर मी दोन सांगते. लोक माझ्या धाकट्याकडं बघतात, मग इकडंतिकडं बघतात. बघू देत.

परवा सर गेल्याचा फोन आला. आत्याबाई अंगणात तूर पाखडत होत्या. मी सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं, पदर तोंडाला लावला, आणि म्हणाल्या, "आमच्या कावेरीचे सर गेले व्हय गं?"

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

ह्याच्यापुढं मला बोलवत न्हाई. चला, सगळे उभे राहू. जरा वेळ गप्प राहू.

सर, शेवटचा नमस्कार. शरणु शरणार्थी.