आईच्या तारेतल्या रेसिपी

सगळ्यांना जयभीम. कामधंदा सोडून तुम्ही आईच्या शोकसभेला बुवापाड्यात आलात, कुणी उल्हासनगरहून, कुणी बदलापूरहून. मला चारचौघांत बोलायची सवय नाही. शाळा सातवीपर्यंत. आईबद्दल बोलताना अडकलो तर सांभाळून घ्या.

काल दादा म्हणाला, किचनला टाइल्स लावू, आईची ती तेलकट कागदं काढून टाकू. त्यावर आज बोलतो.

ती कागदं तुम्ही पाहिलीत. मी ज्या ज्या हॉटेलात कामाला होतो, तिथली मेनूकार्डं ओट्यावरच्या भिंतीला चिकटवलेली. बाजूला खिळ्याला तार. लोक तारेत लाईटबिलं ओवतात, आईने रेसिपी ओवल्या. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेल्या. मावशी तर चिडवायची, ताई, हे घर आहे की खानावळ?

मी कुठे टिकलो नाही. पुणे, गोवा, आता मस्कत. हॉटेल बदललं की आई ओरडायची नाही. म्हणायची, तिथलं मेनूकार्ड पाठव. मग त्यातलं एखादं नाव वाचून फोन करायची. हे कसं करतात रे?

आता खरं सांगतो. घरी मी सांगितलेलं, कूक आहे. मी भांडी घासत होतो. पांढरी ग्रेव्ही कशाची असते, मला काय ठाऊक? मग तिथल्या मोठ्या कूकच्या, उस्तादच्या मागे जाऊन उभा राहायचो. तो वैतागायचा, तुझे क्या करना है? मी म्हणायचो, माँ को बताना है. दुसऱ्या दिवशी आईला सांगायचो, ती लिहून घ्यायची. असं किती वर्षं. मग एक दिवस उस्ताद आला नाही आणि शेठने कढई माझ्याकडे दिली.

पुढच्या सुट्टीत आईला सगळं कबूल केलं. ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "पहिल्या सुट्टीतच कळलं होतं. साबणाने फुटलेले हात कूकचे नसतात. म्हणून तर विचारत होते."

म्हणून तर विचारत होती. कळतंय ना तुम्हाला?

दादा, मी परवा मस्कतला परत चाललो. आजारपणात आईजवळ तू होतास, वहिनी होती. मी नव्हतो. भिंत तुमची, हक्क तुमचा. म्हणून सगळ्यांसमोर मागतो. टाइल्स लाव, पण तेवढी दोन हात जागा सोड. कागदं मी सोबत नेली असती. पण मी कुठे टिकतो? माझ्याकडून हरवतील.

उत्तर आत्ता देऊ नको. आत्ता आपण सगळे आईसाठी दोन मिनिटं उभे राहू.

आई, जयभीम.