चहाचा क्लास

बोळिंजच्या दवाखान्यात ओवी दाढ धरून बसली होती, पण शेजारच्या दोन बायकांचं बोलणं कानावर पडलं आणि ती ठणका विसरली.

“रिटायर झाल्यापासून आमच्या ह्यांनी चहाचा ऑनलाइन क्लास लावलाय.”

“अगंबाई! म्हणजे आता चहा तेच करतात?”

“छे गं! करते मीच, ते शिकवतात. पाण्याचा कढ ऐकायचा म्हणे, डोळे मिटून घोट जिभेवर घोळवायचा.”

“मग मिटतेस डोळे?”

“कधी मिटू? ह्यांना आल्याचा, सासूबाईंना बिनसाखरेचा. दोघांच्या हातात नेऊन देईपर्यंत माझा कप ओट्यावर गारढोण.”

“भाग्यवान आहेस हो!”

“आहेच! काल तर चक्क विचारलं, तुला स्वतःला कसा चहा आवडतो?”

“काय सांगितलंस?”

“म्हटलं, गरम.”