उपरण्याखालचा टेलिफोन

मंडळी,

आपण अण्णाशेटच्या पेढीसमोर जमलो आहोत. गेली काही वर्षं रोज सकाळी जमतच होतो. फरक एवढाच, की तेव्हा बोलायचं काम अण्णांचं असे, आणि ते त्यांनी दुसऱ्या कुणाला कधी करू दिलं नाही. आज त्यांच्याच ओट्यावर उभं राहून मी बोलतोय. थोडा दुःखानं, थोडा संकोचानं. अण्णा असते तर म्हणाले असते, "वार्ताहर, मोठ्यानं बोला. पार कापडे गावापर्यंत गेलं पाहिजे."

प्रयत्न करतो.

तरुण मंडळींसाठी जुनं थोडं सांगायला हवं. टेलिफोन येण्यापूर्वी महाडच्या बाजारात भाताचा भाव तोंडानं बोलत नसत. तो बोटांनी ठरे. अण्णा आणि दलाल एकमेकांचे हात धरत, वरून उपरणं टाकत, आणि आत बोटं दाबली जात. भोवती उभ्या असलेल्यांना दिसत ते फक्त दोन गंभीर चेहरे. अण्णांचा चेहरा तर असा, की आत कोणी वैद्य त्यांची नाडी बघतोय आणि लक्षण बरं नाही. कापड्याचे रामजीबाबा इथे पुढेच बसले आहेत. भात त्यांचं असे, बोटं दलालाची असत, आणि भाव काय ठरला हे बाबांना सर्वांत शेवटी कळे.

मुंबईचा भाव यायचा तो तारेनं. तार म्हणजे मरणाची, अशी आपली समजूत. त्यामुळे भाव चढल्याची तार आली, की घरातली मंडळी आधी रडून घेत आणि मग ती वाचत. व्यापार असा सावकाश चाले. पण गुप्त चाले.

मग टेलिफोन आला.

पहिल्या दिवशी अण्णांनी काय केलं आठवतं? कानाला फोन लावला, आणि डोक्यावरून, यंत्रावरूनही, उपरणं ओढून घेतलं. भावाची गोष्ट आहे, झाकायला नको? सगळं झाकलं गेलं. आवाज तेवढा बाहेर राहिला. अण्णांचा हिशोब सरळ होता. पोलादपूर जवळ, तर हळू बोलायचं. पनवेलला मध्यम. मुंबई लांब. मुंबईचा फोन लागला की काकू आतून म्हणायच्या, "मुंबईकर उठले असतील हो आता. आमच्या शेजाऱ्यांना तरी निजू द्या."

शब्द, म्हणजे आवाज, हा आकाशाचा गुण आहे असं आम्ही पाठशाळेत घोकलं होतं. तो अण्णांचा गुण आहे हे इथे येऊन समजलं.

परिणाम काय झाला? ओट्यावर टेकलेल्या माणसाला अण्णांइतकाच ताजा भाव कळू लागला. दलालानं उपरण्याखाली हात पुढे केला, तर रामजीबाबांनी आपले हात बंडीत घातले. म्हणाले, "हात कशाला धरतोस रे? शेट आताच वरडला ना भाव. आमी काय बहिरं हाव?"

बोटांची ती सगळी विद्या बसल्या जागी संपली. दलाल पुढे विम्याच्या कामाला लागले. तिथे तोंड चालवावं लागतं, म्हणून सुरुवातीला जड गेलं त्यांना. माझीही गत वेगळी नव्हती. मी पाठवलेले बाजारभाव पत्रात छापून यष्टीनं महाडला येईपर्यंत पुरातत्त्वात जमा झालेले असत.

शेजारच्या पेढ्या घाबरल्या. शिष्टमंडळ आलं. मी हजर होतो.

"अण्णा, हळू बोला."

"मग मुंबईला कसं ऐकू जायचं?"

"तारेतून जातं."

"तार बारीक, वाट लांब. मागून रेटा नको?"

"निदान दार तरी लावून घ्या."

"दार लावलं की मला गुदमरतं."

डोक्यापासून उपरण्यात गुंडाळलेला माणूस हे सांगत होता.

सगळ्यांनी ठरवलं की अण्णा भोळे, आणि अण्णा बुडणार. पण झालं उलटंच. भाव उघड मिळतो म्हटल्यावर बैलगाड्या इथेच वळू लागल्या. अण्णांच्या भातगिरणीचा पट्टा थांबेना. इतर पेढ्यांनीही टेलिफोन घेतले, दारं लावून हळू बोलले, आणि बाहेर कोणी ऐकायलाच उरलं नाही.

भोळे? मंडळी, आता एक गोष्ट सांगतो.

अण्णांच्या लेकीचं स्थळ मुंबईचं. बोलणी टेलिफोनवर होणार होती. त्या सकाळी ओट्यावर जरा जास्तच गर्दी होती. कशी कोण जाणे. ट्रंक कॉल लागला. अण्णांनी उपरणं घेतलं नाही. भिंतीकडे तोंड केलं आणि बोलले. ओठ हलताना दिसले. शब्द एक नाही. मुंबईला मात्र सगळं ऐकू गेलं असावं, कारण लग्न जमलं. आपल्याला कळलं ते पत्रिका आली तेव्हा.

मी त्यांना गाठलं. म्हटलं, "अण्णा, म्हणजे हळू बोललं तरी जातं, हे ठाऊक होतं तुम्हाला."

ते म्हणाले, "भाव काय माझा आहे, वार्ताहर? तो मुंबईचा. लेक माझी आहे."

"मग ते उपरणं कशाला?"

"शेजारच्यांना वाटायला नको, की मी लपवायची खटपट तरी करतोय?"

दुसऱ्या सकाळी उपरणं डोक्यावर, आणि भाव कापड्यापर्यंत.

आता थोडं अवघड बोलतो. वसंता, बाळ, तू इथेच आहेस. वडिलांची पेढी आता तुझी. टेलिफोनसाठी तू काचेची केबिन करून घेतलीस, ती मागे उभी आहे, मी पाहिली. सुतारकाम उत्तम. मुंबईच्या कचेऱ्यांत असतात तशी आहे, हेही खरं. पण आज सकाळी रामजीबाबांनी मला विचारलं, "शेट गेलं. आता आमाला भाव कोन सांगल?" तो प्रश्न तुझ्याकडे सोपवतो. मी तुझा भागीदार नाही. केबिन मोडू नकोस. उद्या तुझ्या लेकीचं स्थळ बघशील तेव्हा उपयोगी पडेल. भावाच्या फोनला मात्र तिचं दार नको.

काय? वसंता काहीतरी म्हणतोय. मोठ्यानं बोल रे, मागे जात नाही.

ऐकलंत मंडळी? बहुधा नसेल. तो म्हणतोय, दार आजच उतरवतो. पहिल्या खेपेला एवढा आवाज पुष्कळ झाला. सवय होईल. रामजीबाबा, उद्या जरा पुढे सरकून बसा, म्हणजे झालं.

आता सगळे उभे राहूया. दोन मिनिटं कोणी बोलू नये. आत टेलिफोन वाजला तर वाजू द्यावा. ह्या जागी अण्णांनी अशी शांतता आयुष्यात एकदाच पाळली होती, आपल्या लेकीसाठी. आज ती आपण त्यांच्यासाठी पाळू.