गप्प बसा, रेकॉर्डिंग चालू आहे

नाही, पण मला एक सांगा… आवाज हवेतून येतो की वायरीतून? हवेतून ना? झालं तर मग! एवढंच मी म्हणत होतो, आणि एवढ्यावरून माझी अख्ख्या सासुरवाडीत वाट लागली. हसू नका. तुमच्यापैकी ज्यांनी टेपरेकॉर्डरवर गाणी उतरवून घेतलीत त्यांनी जरा हात वर करा… बघा, डोक्यावर केस कमी तिथे हात वर. आपण काय करायचो? रेडिओच्या तोंडाशी टेपरेकॉर्डर ठेवायचा, दोन बटणं एकदम दाबायची आणि घरादारावर ओरडायचं, गप्प बसा, रेकॉर्डिंग चालू आहे! आई फोडणी थांबवायची, बाबा खोकला गिळायचे, आणि तरी गाण्याच्या ऐन समेवर खालून भंगारवाला ओरडायचाच. मी ह्या शाळेत शिकलेला माणूस. मला काय माहीत जमाना वायरीचा आलाय?

तर तुम्हाला सांगतो, आम्ही मुलुंड पूर्वेला, म्हाडा कॉलनीत. आमचा टीव्ही गेल्या दिवाळीत बसला तो उठलाच नाही. मुलगा निहार बंगलोरला असतो, तो सुट्टीत आला आणि म्हणाला, "बाबा, नवीन कशाला? माझा जुना कॉम्प्युटर पडलाय ना." त्याने काड्यापेटीएवढी एक डबी आणली, डिशची वायर डबीत, डबीची शेपटी कॉम्प्युटरमध्ये, आणि काय सांगू, कॉम्प्युटरवर टीव्ही! वर म्हणाला, "हवं ते रेकॉर्डपण होतं. लाल बटण दाबायचं, बस." आता 'बस' हा शब्द ह्या मुलांच्या तोंडी आला की समजायचं, आपल्या पुढच्या महिन्याची शांतता गेली. मी जे दिसेल ते रेकॉर्ड करायला लागलो. बातम्या केल्या, हवामानाचा अंदाज केला. मालन म्हणाली, "अहो, कालचा हवामानाचा अंदाज आज बघून काय करणार?" म्हटलं, कुणाचं खरं निघालं ते कळेल. मालन म्हणजे आमची बायको. मी बोलतो, ती ऐकते, असा आमचा संसार. कुंडलिकच्या मते ती ऐकतही नाही. कुंडलिक म्हणजे आमचा शेजारी, भिंतीला भिंत आणि चहाला चहा.

पण मालनचं एक आहे. ती गाते. लाजून गाते, म्हणजे मागच्या रांगेत बसून. कॉलनीत बायकांचं भजनी मंडळ आहे, त्यात ही कायम शेवटच्या रांगेत, खांबाच्या बाजूला. आणि ह्या मंडळाला एका वाहिनीने बोलावलं. खरंखुरं! सगळ्या एकसारख्या जांभळ्या साड्या नेसून गेल्या, गाऊन आल्या, श्रावणातल्या रविवारी सकाळी दाखवणार म्हणाले. मी म्हटलं, रेकॉर्ड करू. त्यावर ही काय म्हणाली असेल? म्हणाली, "करा. पण माझ्यासाठी नको. आईसाठी करा."

इथे जरा थांबतो. सासूबाई, सुंदराबाई, कुडाळच्या पुढे आत गावात असतात. मालनच्या भावाकडे, बाळाकडे. डोळे गेलेत त्यांचे, काचबिंदूने, आता काही दिसत नाही. म्हणून मुंबईला येणं सोडलं. आमचं हे घर त्यांनी बघितलेलंच नाही, आम्ही इथे यायच्या आधीच दिसायचं बंद झालं. मालनला गाणं शिकवलं ते त्यांनीच, जात्यावर आणि चुलीपुढे. आणि तिथे बाळाच्या घरावरची डिश वाऱ्याने वाकडी झालेली, दुरुस्तीवाला येतो म्हणतो आणि येत नाही. तेव्हा म्हातारीला लेकीचं भजन ऐकायचं तर एकच रस्ता. मी. बघा, काय वेळ आली बिचारीवर.

तयारी म्हणाल तर मी लग्नाची केली नसेल अशी केली. निहारला फोन लावला. तो म्हणतो, "बाबा, काही करू नका. लाल बटण." मी म्हटलं, अरे पण माईक? "माईक कशाला? आवाज वायरीतून येतो." आता तुम्हीच सांगा, हे पटतं? चित्र वायरीतून येईल, आवाज कसा येईल? म्हटलं पोरगं घाईत आहे, ऑफिसात आहे, बोललं असेल काहीतरी. मी आपला मंडळाच्या सरावाचा माईक आणला, कॉम्प्युटरला जोडला आणि स्पीकरच्या तोंडाशी उभा केला. कुंडलिक बघत होता. म्हणाला, "म्हणजे कॉम्प्युटरचा आवाज तू कॉम्प्युटरलाच ऐकवणार?" म्हटलं, तू चहा पी. तेवढ्यात पडद्यावर चौकट आली, आवाज कुठून घेऊ? मी तोऱ्यात माईकवर टिचकी मारली. लगेच स्पीकरने कुईंऽऽ करून अशी शीळ घातली की खालचा वॉचमन वर बघायला लागला. मग मी स्पीकर केला बारीक आणि माईक केला मोठा. शीळ बंद! कुंडलिककडे असं बघितलं मी… काय सांगू तुम्हाला.

आणि लागला कार्यक्रम. लाल बटण दाबलं. गप्प बसा, रेकॉर्डिंग चालू आहे! कुंडलिकने कप बशीत ठेवला, टण्ण. अरे, गप्प बस ना रे, रेकॉर्डिंग चालू आहे! तो म्हणाला, "मी बोललोय का?" अरे पण बोलून कशाला सांगतोस! तेवढ्यात कुकर. मालनने बटाटे लावले होते, भजन दाखवणार त्या दिवशी बटाटे! मी पळत जाऊन गॅस बंद केला आणि कुकरलासुद्धा म्हटलं, गप्प बस, रेकॉर्डिंग चालू आहे! मग बेल. इस्त्रीवाला. त्याला दारातच हिंदीत, "चुप रहो भय्या, रेकॉर्डिंग चालू है!" तो बिचारा शर्ट छातीशी धरून तसाच उभा राहिला, कॅमेऱ्यात येईल म्हणून हसत.

पडद्यावर पुढच्या रांगेतल्या बायका मोठ्या मोठ्या दिसत होत्या. मालन कुठाय? मालन कुठाय? आणि एकदम कॅमेरा फिरला, खांब आला, आणि खांबाच्या बाजूला ही. जांभळ्या साडीत, डोळे मिटलेले. एवढंसं दाखवलं हो, पण दाखवलं. आणि इकडे खुर्चीत बसलेली मालन, स्वतःला बघितलं आणि गायला लागली. आधी पुटपुटली, मग गुणगुणली, आणि मग चक्क गळा सोडून. घरात ती अशी कधी गात नाही. माईक तिच्या हाताशी. मी सगळ्यांना गप्प बसवणारा माणूस, तिला नाही म्हणालो गप्प बस. का? विचारू नका. मला तेवढी अक्कल आहे, एवढंच समजा. तिचं चालूच होतं आणि मधेच दुसरी बेल वाजली, तेव्हा मात्र मी खच्चून ओरडलो.

भजन संपलं. लाल बटण पुन्हा दाबलं. कुंडलिक म्हणाला, "लाव बघू." लावलं. चित्र झकास! आणि आवाज… तुम्हाला सांगतो, लांब कुठेतरी, चार इमारती पलीकडे लाउडस्पीकर लावलाय, असं ते भजन. आणि त्यावर स्पष्ट, खणखणीत, स्टुडिओत भरल्यासारखा कोण? मी! गप्प बसा, रेकॉर्डिंग चालू आहे! मग कप. टण्ण. मग मी. कुकर. मी. "चुप रहो भय्या." पडद्यावर पुढच्या रांगेतली बाई आलाप घ्यायला तोंड उघडते आणि तिच्या तोंडून माझा आवाज! कुंडलिक हसून हसून सोफ्यावरून खाली सरकला. मी पण हसणार होतो, पण मालनकडे बघितलं आणि तिथेच बंद केलं. ती हसत नव्हती. रागावलीही नव्हती. म्हणाली, "असू दे," आणि बटाटे सोलायला आत गेली.

असू दे! बायको ओरडली तर परवडतं हो. मी निहारला फोन केला, म्हटलं, आवाज परत आणता येईल का? तो म्हणाला, "बाबा, जो आत गेलाच नाही तो कुठून आणू?" तिथे मला रडायला आलं. खोटं कशाला बोलू? म्हातारी तिकडे सकाळपासून अंघोळ करून फोनशी बसलेली, बाळाचे दोनदा फोन येऊन गेले, "आवशीन चायपण घेवक नाय." आणि मी काय पाठवणार? स्वतःचं बोंबलणं? दिसत नाही त्या माणसाला चित्र झकास आलंय हे सांगणार?

शेवटी मालननेच हात पुसले आणि आहे तेच बाळाच्या फोनवर पाठवलं. म्हणाली, "वाट बघतेय ती. काहीतरी जाऊ दे." आणि आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो. कुंडलिकसुद्धा घरी जाईना. फोन वाजला. मालनने उचलला, स्पीकरवर टाकला. तिकडून म्हातारी म्हणाली, "मालन गो… तुझो आवाज आयकलंय." मालन म्हणाली, "आई, बाकीचं नीट नाही आलं गं." म्हातारी म्हणाली, "बाकीचा माका कित्याक व्हया? तू गावलंस." आणि मग, "पण गो, मधी मधी तो कोण बोंबलता?" मालनने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "जावई तुझे." "जावय? असांदे. आवाज खणखणीत आसा."

मालन फोन ठेवून तिथेच पदर तोंडाला लावून रडायला लागली, आणि रडता रडता हसायला लागली. मी म्हटलं, गप्प बस. पुढचं नाही बोललो.

आता इथे संपावं की नाही? पण निहारला राहवेना. चार दिवसांनी त्या वाहिनीनेच तो कार्यक्रम इंटरनेटवर टाकला, त्याने शोधून काढला, स्वच्छ, प्रत्येक टाळ मोजून घ्यावी असा. बाळाच्या फोनवर पाठवला. म्हातारीने थोडा वेळ ऐकला आणि म्हणाली, "ह्या कोणाचा भजन? ह्या नको. माका ता घरातलाच लाव." कारण त्या स्वच्छ भजनात मालन आहे कुठे? अठरापगड आवाजांत बुडालेली. आणि आमच्या कचऱ्यात ती एकटी, माईकपाशी. त्यात कुकर आहे, दाराची बेल आहे, इस्त्रीवाला आहे. म्हातारी म्हणे बाळाला विचारत होती, बेल वाजल्यावर दार उघडायला जावय किती लांब चालत गेला रे, म्हणजे घर मोठा दिसता. मोठं कसलं! कुकरवरून फिरून गेलो होतो म्हणून.

आणि माझं काय झालं ते ऐका. सासूबाई ते रोज दिवेलागणीला लावायला सांगतात. वाडीतली माणसं ऐकायला येऊन बसतात. गणपतीत आमच्या गावचं, देवगडचं आटपून आम्ही सासुरवाडीला गेलो, रिक्षा अंगणाशी आली, रिक्षावाल्याला म्हटलं, बाबा, डावीकडे घे जरा. एवढंच बोललो! आवाज ऐकला आणि अंगणातली पोरं ओरडत सुटली, "इलो, इलो, गप्प बसा इलो!" अहो, नाव पडलं माझं. जावयाला आधी नारळीकरंजी देतात, मला आधी हसू दिलं. मी ठरवून टाकलं, इथून हलेपर्यंत तोंड उघडायचं नाही. पाणी हवं तर हाताने खूण. इतक्या वर्षांत मालनला जे जमलं नाही ते त्या डबीने करून दाखवलं. मालन वाडीत सगळ्यांना सांगत फिरत होती, "बरं वाटत नसेल त्यांना."

दुपारी सगळे जेवून लवंडले होते. मी आत सासूबाईंच्या खाटेपाशी, खाली चटईवर, मुका. त्यांनी हाताने चाचपलं, माझा खांदा लागला. "जावय? गप कित्याक बसलास?" मी म्हटलं, काही नाही, असंच. तर म्हणाल्या, "बोला मां कायतरी. तुमी बोलाक लागलास की माका चेडवाचा घर दिसता."

चेडवाचा म्हणजे लेकीचं. आता मला सांगा… जन्मभर ह्या तोंडामुळे शिव्या खाल्ल्या, आणि एक माणूस मिळालं जे 'बोला' म्हणतंय, तर तोंडातून शब्द फुटेना. शेवटी जे आठवलं ते सुरू केलं. म्हटलं, दार उघडलं की आधी चपलांचा स्टँड, मग डावीकडे तो कॉम्प्युटर, मग स्वयंपाकघर, तिथे खिडकी, खिडकीतून मिठागरं दिसतात, लांब खाडी. मग मुलुंडचं पाणी किती वाजता येतं, कुंडलिक किती चहा पितो, मालन कुठे बसून भाजी निवडते. सासूबाईंचा श्वास संथ झाला. झोपल्या. माझ्या बोलण्यावर झोपलेलं हे काही पहिलं माणूस नव्हे, मी सवयीने थांबलो. तर डोळे मिटलेलेच, आणि म्हणाल्या, "मगे?"

पुन्हा सुरू केलं. पुन्हा झोपल्या. पुन्हा थांबलो. "मगे?" उठता येईना, थांबता येईना. दारात मालन उभी, तोंडावर पदर धरून. तिला खुणेने विचारलं, काय करू? तिने खुणेनेच सांगितलं, बोला. म्हटलं ठीक आहे… आणि मग तुम्हाला सांगतो, लिफ्ट बंद पडते ते सांगितलं, सोसायटीच्या मीटिंगा सांगितल्या, मीटिंगची मिनिट्स सांगितली, चहा झाला, अंगणात सावल्या आल्या, तरी मी आपला तिसऱ्या मजल्यावरच्या गळतीवर. काय करणार? म्हातारीची झोप मोडायची कशी?